वीणेवरच्या दोन रेघा

१

उद्या सप्ताह बसणार, आणि आज सकाळी डोंगरकड्याच्या विठ्ठल मंदिरातली वीणा लाल फडक्यात आवळून बांधलेली दिसली. गुन्हेगाराला बांधून ठेवावं तशी ती खुंटीला टांगली होती.

सडा टाकायला आलेल्या जनकाबाईंनी हातातली बादली खाली ठेवली. गाभाऱ्याच्या दाराला एक मोठा, नवाकोरा, काळा-पांढरा फोटो चिकटवला होता. मोतीबिंदूनं धुरकटलेले डोळे त्यांनी अगदी जवळ नेले, तेव्हा कुठं ओळख पटली. ते त्यांचे मालक होते. अमृतराव बुवा. वारून आता बरीच वर्षं झाली, पण फोटोत ते कीर्तनाला उभे होते आणि गळ्यात हीच वीणा होती.

हीच का? तोच तर वाद होता. फोटोखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: "ही आपली खरी वीणा. हिच्या भोपळ्यावर रेघा नाहीत. मंदिरातल्या वीणेवर शिंपल्याच्या दोन पांढऱ्या रेघा आहेत. मग ती वीणा कोणाची?"

कुणाचं नाव लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती. फोटो चौऱ्याण्णव सालच्या सप्ताहातला. त्याच सप्ताहानंतर भोपळ्याला तडा गेला, वीणा दुरुस्तीला आखाडा बाळापूरच्या अल्लाबक्षचाचांकडे गेली आणि पुष्कळ दिवसांनी परत आली. फोटो खरा धरला, तर गेली एक वीणा आणि आली दुसरी.

तेवढ्यात दारात चपला काढल्याचा आवाज आला. अल्लाबक्षचाचाच होते. दर साली सप्ताहाच्या आदल्या दिवशी ते येत, नव्या तारा चढवत आणि वीणा सुरात लावून जात. त्यांनी फोटो पाहिला, खालचा मजकूर ओठ हलवत वाचला. मग खिशातली तारांची पुडी काढून पायरीवर ठेवली आणि चपला घातल्या.

"चाचा, थांबा की वो!" जनकाबाई मागं धावल्या.

"भाभी, हात लावायची बी आता भीती वाटून राहिली," ते मान न वळवता म्हणाले. "कुणी म्हणंल, तारा बी चोरल्या."

वीणा उभी राहिल्याशिवाय सप्ताह बसत नाही. आणि हिला सुरात लावणारा माणूस निघून गेला होता.

२

दुपारच्या एसटीनं पारुबाई महाराज आल्या. शिरड शहापूरच्या. जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर कीर्तनाला उभ्या राहिल्या. कीर्तनात कुणी डुलकी घेतली, की त्याला नाव घेऊन उठवायची त्यांची खोड पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. त्यांचं कीर्तन ऐकायला म्हणूनच कुणी भिंतीला टेकून बसत नसे. उद्याचं पहिलं कीर्तन त्यांचं होतं. वीज जायची वेळ कुणाच्याच हातात नव्हती, म्हणून यंदा पंचांनी कीर्तन चारलाच, उन्हातच ठेवलं होतं.

त्यांनी फोटो पाहिला, मजकूर वाचला आणि पायरीवरची पुडी उचलून घेतली. जनकाबाई सांगत होत्या आणि त्या नुसत्या "बरं, मग?" म्हणत होत्या. कीर्तनाच्या पूर्वरंगात प्रश्नच विचारावेत, उत्तराची घाई केली की कथा मरते, असा त्यांचा नेम होता.

"माय, तुमाला काय वाटतं?" शेवटी त्यांनी विचारलं. "रेघा होत्या का?"

"मला वाटतं होत्या. पण माझं कोण ऐकतं? म्हणतात, बाईला आता गाय का म्हैस दिसत न्हाई." जनकाबाईंनी फोटोवरून हात फिरवला. "मला दुसरंच खटकून राहिलं. ह्यांच्या कपाळाला गंध न्हाई बघा. गंध लावल्याबिगर हे माणूस पाणी पीत नव्हतं."

"घामानं गेलं असंल," मागून आवाज आला. देवस्थानचे प्रमुख सोनाजी दाराशी उभे होते. आडवा देह, खणखणीत आवाज, आणि मनात कपट नाही असं सगळे म्हणत. पण मनात आलं की ते करून मोकळे.

"फोटो तुमीच लावला ना?" पारुबाईंनी विचारलं.

"व्हय. लपवायचं काय त्यात? मी कुणावर बोट ठेवून न्हाई राहिलो, महाराज. फोटो ठेवून राहिला."

"आणि तुमाला स्वतःला काय आठवतं? पहिला पहारा दर साली तुमचा असतो म्हणतात. वीणा गळ्यात तुमीच घेत होता."

सप्ताहभर वीणा जमिनीला टेकवायची नसते. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, दिवसरात्र. डोंगरकड्यातली निम्मी बापई माणसं त्या पहाऱ्याला उभी राहिलेली होती.

सोनाजी पहिल्यांदा अडखळले. "आता… गळ्यात वीणा आली की डोळे मिटतातच की. नाव घ्यायचं का नक्षी बघायची?"

पारुबाईंनी गावात आणखी चौघांना विचारलं. दोघं म्हणाले रेघा होत्या, दोघं म्हणाले नव्हत्या. आणि चौघांनीही डोळे मिटूनच वीणा धरली होती.

"आता वीणेवाचून सप्ताह मोडणार का?" त्यांनी सोनाजींना शेवटचं विचारलं.

"न्हाई. नांदेडहून नवी वीणा आणली ना मी. माझ्याकडून देवाला." बोलता बोलता सोनाजींच्या लक्षात आलं, की हे वाक्य ऐकायला काही बरं वाटत नाही.

३

फोटो काढला होता एका कॅमेऱ्यानं, पण एवढा मोठा केला होता दुसऱ्याच यंत्रानं. ते यंत्र सोनाजींच्याच घरात होतं.

सोनाजींचा मुलगा सुरज पुण्याला नोकरीला. सुट्टी काढून आला होता आणि येताना निगेटिव्ह स्कॅन करायचं नवं यंत्र मांडीवर ठेवून घेऊन आला होता. सप्ताहाच्या मांडवात बुवांच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन मांडायचं त्याच्या मनात होतं.

"महाराज, मी चांगल्यासाठी करायला गेलो," तो आधीच म्हणाला. "रेघा नाहीत हे मलाच आधी दिसलं. मी सहज आबांना बोललो. ते थेट खळ घेऊन मंदिरात गेले."

"तुझ्यावर कोण रागावलंय? मला नुसतं दाखव, तू कसं करतो."

सुरज खुलला. त्यानं सुती हातमोजे घातले, फिल्मची पट्टी कडांना धरून उचलली आणि रबरी फुग्यानं तिच्यावर वारा मारला. "फिल्मला बोट लागता कामा नये. ठसा उठला की तो फोटोतही येतो. ही चकचकीत बाजू आणि ही मंद बाजू. उलटी ठेवली, की माणसं डावखुरी होतात."

"मग ह्या फोटोत उलटी पडली असंल का?"

"नाही. बुवांच्या सदऱ्याचा खिसा डावीकडंच आहे, बघा."

खिसा डावीकडंच होता. पारुबाईंनी मनातली एक शंका खोडली.

"पट्ट्यांना त्रास एकच," सुरज म्हणाला. "जनकाकाकूंनी त्या बुवांच्या पोथीच्या पेटीत जपल्या होत्या. देवाच्या माणसाचे फोटो देवाजवळ, म्हणून. पण पेटीत बुक्क्याची डबी सांडलेली. सगळ्या फिल्मवर बुक्का! ब्रशनं झटकून झटकून हात दुखले. शेवटी यंत्रातलीच धूळ काढायची सोय लावली, पूर्ण जोरावर. तेव्हा कुठं फोटो स्वच्छ आले."

"यंत्र चुकत तर नसंल?"

सुरजनं उत्तरादाखल पडद्यावर एक रंगीत फोटो आणला. चौऱ्याण्णवचीच पंगत. केळीचे खुंट बांधलेला मांडव, वरून सोडलेली तोरणं, आणि तोरणांचा पांढरा दोरासुद्धा टोकापर्यंत स्पष्ट. बुक्क्याचा एक कण नाही. "हे यंत्र दोरा सोडत नाही, महाराज. रेघा असत्या तर सोडल्या असत्या का?"

पारुबाई फोटोची एक प्रत घेऊन उठल्या. बाहेर ओट्यावर दोन बाया कुजबुजत होत्या. "पोरगं कम्पुटरवालं. आणि बापानं नवी वीणा आणलेली. पुसल्या असतील रेघा, काय अवघड आहे?"

सुरजनं ते ऐकलं. त्याचा चेहरा पडला. सकाळी गावात एक चोर होता, संध्याकाळपर्यंत दोन झाले.

४

फोटो काढणारे भीमराज गुरुजी दुसऱ्या दिवशी दुपारी भेटले. त्या वेळी ते हिंगोलीच्या एका पेपराला बातम्या पाठवत. आता जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. कीर्तनाला बसत नसत, पण बुवांवर त्यांचा जीव होता.

"मी बुद्धाचा माणूस," ते हसले. "बुवा म्हणायचे, भीमराज, तू देवाचा फोटो नको काढू, माणसांचा काढ. मला तेच पाहिजे होतं."

"त्या दिवशी किती कॅमेरे होते?"

"कॅमेरे दोन. रंगीत रोल गावातल्या लोकांसाठी, मंडळींना रंगच पाहिजे. आणि पेपराला काळा-पांढरा. पंगत रंगीतवर काढली, कीर्तन काळ्या-पांढऱ्यावर. दोन्हीच्या पट्ट्या नंतर बुवांनाच देऊन टाकल्या."

"वीणेवर रेघा होत्या का, गुरुजी?"

भीमराज गुरुजींनी कपाळाला हात लावला. "खोटं कसं सांगू? मी बुवांचा चेहरा बघत होतो. फ्लॅश मारला, तेव्हा वीणा चमकली एवढं आठवतं."

"काय चमकलं?"

"काय म्हणजे… वीणेत काय चमकतं? तारा."

पारुबाईंनी पिशवीतून फोटो काढला आणि ओट्यावर उन्हात ठेवला. बुवा. फेटा, पण कसा? चुना फासलेल्या भिंतीसारखा सपाट, त्याला घड्याच नाहीत. कपाळ कोरं. वीणेची दांडी, खुंट्या, भोपळा, सगळं गुळगुळीत. त्यांनी तर्जनी दांडीवर नेली आणि तार छेडावी तशी फिरवली. आणि त्यांचं बोट तिथंच थांबलं.

"गुरुजी, त्या दिवशी वीणा वाजली होती?"

"म्हणजे काय! मांडवाच्या बाहेर ऐकू येत होती."

"मग हे बघा."

भीमराज गुरुजी वाकले. सगळ्या गावानं कालपासून त्या फोटोत रेघाच शोधल्या होत्या. दुसरं काही कुणी बघितलंच नव्हतं.

फोटोतल्या वीणेला एकही तार नव्हती.

५

पारुबाई गुरुजींना घेऊन थेट सुरजकडे आल्या. सोनाजी दारातच बसले होते.

"मी काही पुसलं नाही!" सुरजनं आधीच हात जोडले. "काकूंच्या पायाची शपथ."

"ते मला कालच माहीत होतं रे. आता तुलाच सांगते, आणि आबांना बी. रेघा पुसून ज्याला चाचांना बदनाम करायचं, त्यानं तारा काहून पुसाव्या? बिनतारांची वीणा बघून कुणीबी ओळखंल की फोटो खोटा आहे. आणि बुवांचं गंध? त्याचं कुणाशी काय वैर? पुसणारा माणूस असता, तर त्यानं पाहिजे तेवढंच पुसलं असतं. इथं पुसणाऱ्याला कळतच नव्हतं, आपण काय पुसून राहिलो." त्या खाटेवर टेकल्या. "तीन वस्तू गेल्या. शिंपल्याच्या रेघा, तारा, गंध. तिन्हीत सारखं काय?"

"पांढरं," सोनाजी नकळत म्हणाले.

"आणि बारीक," भीमराज गुरुजी म्हणाले.

"सुरज, तुझ्या यंत्राला बारीक आणि पांढरं काय वाटतं?"

सुरजनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. "धूळ," तो हळूच म्हणाला. "निगेटिव्हवरची धूळ फोटोत पांढरी येते. केस, ओरखडा, सगळं पांढरंच. पण महाराज, यंत्र रंग बघून धूळ ओळखत नाही. ते एक वेगळा उजेड टाकतं, आपल्या डोळ्याला न दिसणारा. तो फिल्ममधून आरपार जातो आणि धुळीला अडतो. जिथं अडला तिथं आजूबाजूचं चित्र ओढून भोक बुजवतं. रंगीत तोरणाचा दोरा राहिलाच ना?"

"रंगीत," भीमराज गुरुजी एकदम उभे राहिले. "अरे, रंगीत फिल्म धुताना तिच्यातली चांदी निघून जाते, नुसते रंग राहतात. काळ्या-पांढऱ्याचं तसं नसतं. तिथं चित्रच चांदीचं! फोटोत जे पांढरं दिसतं, तिथं फिल्मवर चांदीचा थर दाट असतो."

"आणि चांदीला तो उजेड अडतो," सुरजनं वाक्य पुरं केलं. "दाट चांदीची बारीक रेघ म्हणजे यंत्राला ओरखडाच. फेटा मोठा, तो बुजवता येईना, म्हणून त्याचा नुसता चिखल केला. मी सगळ्या पट्ट्यांना एकच सोय लावली, महाराज. बुक्का जावा म्हणून."

बोलत बोलतच त्यानं पट्टी पुन्हा यंत्रात सरकवली. धूळ काढायच्या सोयीवरची खूण काढून टाकली. यंत्र घुरघुरलं. पडद्यावर वरून खाली चित्र उतरू लागलं. फेट्याला घड्या आल्या. कपाळाला गंध आलं. दांडीवर चार तारा लखलखल्या. आणि भोपळ्यावर, अगदी बाळानं बोटानं ओढाव्या तशा, दोन रेघा.

सगळ्या चित्रावर पांढऱ्या ठिपक्यांचा सडा पडला होता. "हे घाण दिसतं," सुरज ओशाळून म्हणाला. "एकेक ठिपका हातानं काढावा लागेल."

"चेहऱ्यावरचे काढ. बाकीचे राहू दे," पारुबाई म्हणाल्या. "बुक्काच आहे तो."

सोनाजी पडद्याच्या जवळ सरकले, आणि त्याच क्षणी पडदा काळा झाला. पंखा थांबला. वीज गेली होती. फोटो छापायचा राहून गेला, आणि तीन तर वाजून गेले होते.

६

पारुबाई कीर्तनाला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या गळ्यात वीणा नव्हती. मांडवात चुळबुळ झाली.

"रामकृष्णहरी, मायबापहो. आज मी मोकळ्या गळ्यानं उभी आहे. आधी एक गोष्ट सांगते. एका यंत्राला सांगितलं, धूळ काढ. त्यानं इमानानं काढली. पण त्याला बुक्का कळंना आणि गंध कळंना. कुठली घाण आणि कुठलं सोनं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. यंत्राला आपण माफ करू. पण आपल्याला तर शिकवलं होतं ना?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. चाचा तारा पायरीवर ठेवून गेले, तेही सांगितलं. "बदललेली वीणा देणारा माणूस दर साली तिच्यासाठी तारा घेऊन येईल का? हे मला काल आल्याआल्याच विचारायला पाहिजे होतं. मी फोटो बघत बसले."

फोटो तर छापलेला नव्हता. पण भीमराज गुरुजींनी आपलं निगेटिव्ह बघायचं भिंग आणलं होतं. सुरज मांडवाच्या कडेला, मावळतीच्या उन्हात, मोजे घालून पट्टी धरून उभा राहिला. माणसं उठली आणि दर्शनाला लागावी तशी रांग लागली. एकेकानं भिंगाला डोळा लावला.

"अरे, बुवांचे दात काळे!" एक जण ओरडला.

"निगेटिव्ह आहे ते, उलटंच दिसतं. रेघा बघ, रेघा!"

"हायेत की! काळ्या दोन रेघा."

जनकाबाईंचा नंबर आला. त्यांना भिंगातूनही धुकंच दिसलं. "सुरज, तूच सांग रे लेकरा. गंध आहे?"

"आहे, काकू. इथं काळं दिसतंय, बुक्का लावल्यासारखं. पण आहे."

"मग बराबर आहे," त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

रांगेत सगळ्यांत शेवटी सोनाजी होते. त्यांनी भिंगातून पुष्कळ वेळ पाहिलं. मग मांडवाबाहेर गेले. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला आणि बाळापूरच्या रस्त्याला विरत गेला.

"येतील का चाचा?" कुणीतरी विचारलं. पारुबाईंनी नुसत्या टाळ्यांवर नामाचा गजर धरला, आणि मांडव वीणेवाचून गात राहिला.

उन्हं झाडांच्या शेंड्यावर गेली, तेव्हा मोटारसायकल परतली. सोनाजी एकटेच दिसले. गजर मंदावला. मग ते उतरले, आणि त्यांच्या आडव्या देहामागं झाकलेले अल्लाबक्षचाचा दिसले, एका हातानं टोपी धरून.

सोनाजी मांडवाच्या मधोमध आले. तो खणखणीत आवाज त्यांना काही सापडेना. "चाचा, मी खळ घेऊन फोटो लावला. काढताना मात्र नखानं खरवडून काढावा लागला. डाग राहिलाय दाराला. तो मी धुणार न्हाई. राहू द्या तिथं, माझ्यासाठी."

"ते राहू द्या, भाऊ," चाचा म्हणाले. "तारा कुठं हायेत माझ्या?"

पारुबाईंनी पुडी त्यांच्या हातात दिली. चाचांनी लाल फडकं सोडलं, मांडीवर वीणा घेतली, आणि एकेक तार चढवायला घेतली. चौथी तार सुरात लागली तेव्हा जनकाबाईंनी मान डोलावली. ओळखीचा आवाज होता.

पहिला पहारा सोनाजींचा. त्यांनी गळा पुढं केला नाही. त्यांनी सुरजकडे बोट दाखवलं. चाचा उठले, वीणा सुरजच्या गळ्यात घातली आणि पट्टा खांद्यावर नीट केला. सुरजनं हात जोडले, डोळे मिटले.

चाचांनी त्याच्या गालावर हलकेच टिचकी मारली.

"डोळे उघडे ठेव, बेटा. बघून ठेव तिला."